एका ओळीत उरकलेली गल्ली

गल्लीच्या तोंडाशी बायकांचे केस कापायचं दुकान होतं. ते चालवणारीचे स्वतःचे केस मात्र कधी धड नसायचे. लहानपणी वडील तिला 'झिपरी' म्हणत. लग्न ठरलं तेव्हा नवरीच्या आधी ते नाव सासरी पोचलं आणि पुढे गिऱ्हाइकांनीही उचललं. कुणाची झिपरीताई, कुणाची झिपरीमावशी. तिला त्याचं काही वाटत नसे. "शिंप्याचा सदरा कधी उसवल्याशिवाय पाहिलाय का?" असं म्हणून ती समोरच्या बाईची मान हलकेच खाली दाबायची आणि कामाला लागायची. कात्री एक वेळ थांबेल, तोंड थांबायचं नाही. दुकानात दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि भिंतीशी एक बाक होता. त्या बाकावर केस न कापता नुसत्या ऐकायला बसणाऱ्याही काही होत्या.

घरात तिचा नवरा, फ्रीज दुरुस्त करणारा. त्याला बोलायचं म्हणजे जिवावर यायचं. ती त्याच्या वाटचंही बोलून टाकायची. आणि घरात तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. लग्न न केलेली, गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत भूगोल शिकवणारी, ताठ कण्याची बाई. कमरेपर्यंत वेणी. त्या वेणीला झिपरीने एकदा कौतुकाने हात लावला होता, तर वन्संनी वर न बघता सांगितलं, "कात्री लांब ठेव. ही वेणी तुझ्या गिऱ्हाइकांतली नाही."

दोघींचं सख्य म्हणजे विळ्या-भोपळ्याचं. एकीला खिडकी उघडी लागे, दुसरीला बंद. एक चहात साखर घाली, दुसरी ती घातली म्हणून टोमणे मारी. "ताईला आणि हिला वेगवेगळ्या गावांत ठेवलं तरी पत्राने भांडतील," हे नवऱ्याचं त्या वर्षातलं सगळ्यात मोठं वाक्य.

लढाई तेव्हा कालव्यापलीकडे चालू होती. अलीकडे सरकारची भाषा बोलणारी माणसं, पलीकडे दुसरी भाषा बोलणारी. त्यांच्यातली तरुण पोरं बंदुका घेऊन लढत होती आणि सरकारची फौज त्यांच्या वस्त्या जाळत होती. कालव्यापलीकडे धूर दिसला की गल्लीतली माणसं खिडक्या लावून घेत आणि म्हणत, वारा तिकडचाच आहे, आपल्याकडे यायचा नाही.

एका थंडीत वारा फिरला. झिपरी तेव्हा माहेरी होती, आईच्या ऑपरेशनसाठी दुसऱ्या शहरात. इकडे लढवय्ये कालवा ओलांडून आले. सरकारी फौज शहर टाकून पळाली. पुरुषांना गोदामात कोंडलं, आणि गल्लीतल्या बायकांना चौकशी करायची म्हणून शाळेत नेलं. रस्ते बंद, फोन बंद. झिपरी बसस्टँडवर रोज जाऊन उभी राहायची आणि रोज परत यायची. फौज परत आली, लढवय्ये मागे हटले, तेव्हा कुठे पहिली बस सुटली.

ती घरात शिरली तेव्हा वन्सं स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला.

"चहा ठेवलाय," त्या म्हणाल्या. "दूध नाही."

झिपरी पुढे झाली, आणि रुमालाखाली काहीच नाही हे तिच्या लक्षात आलं. वेणी नव्हती. केस नव्हते. बोथट पात्याने खरवडल्याच्या खुणा कपाळाच्या वरपर्यंत दिसत होत्या. बाकीचं त्यांनी सांगितलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा झिपरीने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात एकेक करून बायका येऊ लागल्या. सगळ्यांची डोकी रुमालांत. झिपरीने काचेला पडदा लावला, कोमट पाणी ठेवलं, जखमांना मलम लावलं, तुटक राहिलेले केस सारखे केले. बेकरीवाल्याची मुलगी आली नाही, पोस्टमनची बायको आली नाही. त्या दोघी शाळेतून परतल्याच नव्हत्या.

पण बायका चिवट असतात. शाळेची इमारत बंद होती, म्हणून चर्चा होऊन वर्ग जुन्या टपाल कचेरीत भरायला लागले, आणि वन्सं रुमाल बांधून तिथे शिकवायला गेल्या. खिडकीवरून पुन्हा एकदा भांडण झालं, तेव्हा झिपरीला इतकं बरं वाटलं की ती मुद्दाम हरली.

मग तह झाला, आणि मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या एका मोठ्या संघटनेच्या पांढऱ्या गाड्या आल्या. गल्लीच्या तोंडावरून गेल्या, पूल ओलांडून पलीकडे. महिनोनमहिने रोज जात आणि रोज येत. झिपरी दुकानाच्या दारात उभी राहून म्हणायची, "पलीकडचं संपलं की आपल्याकडे येतील. पंगतीत बसल्यावर वाढपी आपल्यापर्यंत येतोच."

वाढपी आला नाही. अहवाल आला.

जाडजूड पुस्तक होतं. वन्संनी ते मागवून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून पहिल्या पानापासून वाचलं. जाळलेल्या वस्त्या. प्रेतांनी भरलेली विहीर. ट्रकमध्ये घालून नेलेली आणि पुन्हा न दिसलेली मुलं. मध्येच त्या उठून खिडकीशी जायच्या आणि पुन्हा येऊन वाचायच्या. शेवटी म्हणाल्या, "हे खरं आहे. सगळं खरं आहे. आपल्या फौजेनं केलंय, आणि आपण खिडक्या लावून बसलो होतो."

मग त्यांनी एक पान उघडून झिपरीपुढे सरकवलं. त्यावर त्यांच्या शहराबद्दल एक ओळ होती: या शहरातही काही महिलांना डांबून ठेवल्याचे आरोप झाले, मात्र त्यांची स्वतंत्र पडताळणी होऊ शकली नाही.

"आले कधी होते पडताळायला?" वन्संनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्या शिकवायला गेल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. शाळेत जे झालं त्यातून ती बाई उठून उभी राहिली होती. त्या एका ओळीने ती खाली बसली.

झिपरीचं डोकं फिरलं. तिने दुकानाला कुलूप लावलं, नवऱ्याला सांगितलं, "जेवण झाकून ठेवलंय, ताईंना एकटं सोडू नका," आणि राजधानीची बस पकडली.

संघटनेची कचेरी एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. लिफ्ट बंद. धापा टाकत ती पोचली तेव्हा तिला एका चष्मेवाल्या बाईंसमोर बसवण्यात आलं. त्या कचेरीच्या प्रमुख होत्या. टेबलावर फायलींचा ढीग, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दुष्ट बाई नव्हती. हे झिपरीला बघताक्षणी कळलं, आणि त्यामुळे भांडणं जास्त अवघड झालं.

"तुम्ही स्वतः तिथे होतात का?" बाईंनी विचारलं.

"नाही. मी माहेरी होते."

"मग तुमची साक्ष ऐकीव ठरते."

"अहो, म्हणूनच म्हणते, ज्यांच्यावर बेतलं त्यांचं ऐकायला या. आमची गल्ली तुमच्या रस्त्यातच आहे. रोज तिथून जात होतात."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "आमच्याकडे माणसं कमी होती. आणि खरं सांगू का, वेळही बरोबर नाही. पलीकडचे खटले अजून उभे राहायचेत. आत्ता तुमचं बाहेर आलं तर तुमचं सरकार तेच झेंड्यासारखं नाचवेल. विहिरीबद्दल कुणी बोलणारच नाही मग."

"म्हणजे आमचं खोटं आहे असं नाही."

"मी तसं म्हटलं नाही."

"अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर," झिपरी म्हणाली. "दाखवायचं तरी कुणाला?"

बाईंना हसू आलं आणि त्याच क्षणी त्याची लाजही वाटली. "मी बघते," त्या म्हणाल्या. असं 'बघते' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची झिपरीला सवय होती. ते गिऱ्हाईक परत येत नाही.

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. काळे कपडे, मांडीवर पिशवी, बोटांना सुईचे घट्टे. तो चेहरा झिपरीने ओळखला. अहवालाच्या पहिल्याच पानावर तिचा फोटो होता. ती पलीकडच्या वस्तीत कपडे शिवायची. तिच्या मुलाला फौजेने ट्रकमध्ये घातलं होतं. त्याचा काही ठावठिकाणा लागला का, हे विचारायला ती दर काही दिवसांनी इथे यायची.

झिपरी फटकन बोलून गेली. "तुमचं बरंय. तुमचं छापून तरी आलं."

शिवणवालीने तिच्याकडे बघितलं आणि झिपरीच्याच भाषेत उत्तर दिलं. "छापून आलं म्हणून पोरगा घरी नाही आला."

झिपरी तिच्या शेजारी बसली आणि आपण कुठून आलो, कशासाठी आलो ते सांगितलं. शिवणवाली ऐकत राहिली, तसा तिचा चेहरा आवळत गेला.

"आमच्या पोरांनी?" ती म्हणाली. "बायकांना? आमच्याकडे तर म्हणतात, तो सगळा सरकारी बनाव आहे."

"आमच्याकडे तुमच्या विहिरीलाही बनावच म्हणतात."

शिवणवाली ताडकन उठली. पिशवी छातीशी धरून ती जिना उतरली, आणि आणखी एक दार स्वतःच्या हाताने लावून घेतल्यासारखी झिपरी तिथेच बसून राहिली.

घरी परतली तर वेगळाच पाहुणा. तिच्या राजधानीच्या खेपेची बातमी फुटली होती, आणि सरकारी पक्षाचा एक पुढारी कॅमेरावाल्याला घेऊन, नवऱ्याकडून कुलूप उघडवून दुकानात येऊन बसला होता. इस्त्रीचे कपडे, दोन्ही हात जोडलेले.

"ताई, तुमच्यावर अन्याय झाला! त्या संघटना सगळ्या विकल्या गेलेल्या आहेत. आपण मोठी सभा घेऊ. तुमच्या नणंदबाईंना स्टेजवर बसवू. जगाला दाखवून देऊ पलीकडचे लोक कसले आहेत ते."

गल्लीतले चार पुरुष माना डोलवत होते, बाकावर जमलेल्या बायका नुसत्या बघत होत्या. झिपरीलाही क्षणभर वाटलं, कुणीतरी आलं. आपल्यासाठी कुणीतरी आलं.

"फक्त एवढंच," पुढारी म्हणाला, "विहिरीची ती गोष्ट खोटी आहे, हे नणंदबाईंनी एका वाक्यात सांगायचं. त्यांच्या तोंडून आलं की वजन पडेल."

"विहीर खरी आहे."

सगळे वळले. घरातून दुकानात येणाऱ्या दारात वन्सं उभ्या होत्या. कित्येक दिवसांत त्या त्या दारापर्यंतही आल्या नव्हत्या. "मी वाचलंय," त्या म्हणाल्या. "माझं खरं सांगायला मला त्यांचं खोटं पाडायची गरज नाही."

"अहो, पण आपल्या फौजेची बदनामी—"

प्रवासाची धूळ पुसायला घेतलेला ओला टॉवेल झिपरीच्या हातात होता. "फौजेचं नाव काढताय? ती शहर सोडून पळाली तेव्हा तुम्ही कुठे होता, आठवतंय? तिच्याही पुढे!" तिने टॉवेल असा झटकला की पुढाऱ्याच्या इस्त्रीवर फवारा उडाला. बाकावरच्या बायकांतून हसण्याची एक उकळी फुटली. त्या थंडीनंतर त्या दुकानातलं पहिलं हसू.

पण त्या हसण्याची किंमत होती. गल्ली नाराज झाली. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजते, म्हणाले. शत्रूची वकिली करते, म्हणाले. गिऱ्हाईक रोडावलं. संघटना दारात घेत नाही, आपली माणसं दारात येत नाहीत. झिपरी नवऱ्याला म्हणाली, "माझं ना घरका ना घाटका झालं." नवरा फ्रीजच्या मागे डोकं घालून बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "ताई आज जेवताना दोनदा बोलली." झिपरीला तेवढं पुरलं.

आणि मग एका सकाळी, भर उजेडात, सगळ्या गल्लीच्या देखत, पुलावरून शिवणवाली चालत आली. पलीकडची बाई पूल ओलांडून एकटी येते, हे तह झाल्यापासून कुणी पाहिलं नव्हतं. ती सरळ दुकानात शिरली आणि रिकाम्या खुर्चीत बसली.

"टोकं कापायचीत," ती म्हणाली.

झिपरीने तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं.

"मी घरी जाऊन विचारलं," शिवणवाली आरशात बघत म्हणाली. "शेजारणीच्या पोराला विचारलं. तो तिथे होता, त्या शाळेत. आधी नाही नाही म्हणाला. मग खाली बघायला लागला. त्याला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. तो खाली कधी बघतो ते मला माहीत आहे." तिने डोळे मिटले. "तुमच्या नणंदबाई भेटतील का?"

वन्सं भेटल्या. स्वयंपाकघराचं दार लावून दोघी बसल्या त्या दुपार टळेपर्यंत. आत काय बोलणं झालं ते झिपरीला आजतागायत माहीत नाही. दाराला कान लावायचा मोह तिने आवरला, आणि एवढा मोठा संयम तिने आयुष्यात दुसऱ्यांदा कधी पाळलेला नाही. दार उघडलं तेव्हा दोघींचे डोळे सुजलेले होते, आणि शिवणवाली वन्संच्या बाहीची उसवलेली शिवण दाताने दोरा तोडून पुरी करत होती.

"झिपरे," वन्सं म्हणाल्या, "आम्हाला सगळ्या जणींशी बोलायचंय. दुकान रिकामं कर."

दरवर्षी तहाच्या दिवशी संघटनेची राजधानीत मोठी सभा असे. देशोदेशीचे पाहुणे, वकील, वर्तमानपत्रवाले. त्या वर्षी मुख्य भाषण शिवणवालीचं होतं. तिने संघटनेला निरोप दिला की माझ्याबरोबर माझ्या ओळखीच्या काही बायका येतील, पुढची रांग ठेवा. कोण, ते सांगितलं नाही. संघटनेने आनंदाने रांग ठेवली.

सकाळी बस निघाली ती गल्लीतून रुमालवाल्या बायकांना घेऊन; शेवटच्या सीटवर झिपरीचा नवरा. केस आता खांद्यापर्यंत आले होते, पण बाहेर जाताना रुमाल बांधायची सवय राहिली होती. पुलाशी शिवणवाली चढली. वन्संनी आपल्या शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

सभागृह भरलेलं. चष्मेवाल्या बाईंनी पाहुण्यांचं स्वागत केलं. पुढच्या रांगेतली झिपरी त्यांना दिसली आणि वाचलेलीच ओळ त्यांनी पुन्हा वाचली. शिवणवालीचं नाव पुकारलं. ती वर गेली, माइक तिच्या उंचीला आणायला कुणीतरी धावलं.

"माझ्या पोराबद्दल तुम्ही लिहिलंत," ती म्हणाली. "त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण माझ्या पोराची ढाल करून त्याच्यामागे दुसऱ्यांच्या लेकीसुना कुणी झाकून ठेवणार असेल, तर तशी ढाल मी त्याला होऊ देणार नाही. माझ्या बोलण्याचा वेळ मी या बाईंना देते."

वन्सं उठल्या. स्टेजच्या पायऱ्यांशी क्षणभर थबकल्या. झिपरी पुढे होणार होती, पण नवऱ्याने मागच्या रांगेतून तिचा पदर धरावा तसं तिचं जाकीट धरलं. "जाऊ दे तिला," तो म्हणाला. "ती जाईल."

त्या गेल्या. माइकसमोर उभ्या राहून त्यांनी आधी सभागृह नजरेने शांत केलं, वर्ग शांत करतात तसं.

"मी भूगोल शिकवते," त्या म्हणाल्या. "म्हणून जागेपासून सुरुवात करते. शाळेची इमारत कालव्याच्या अलीकडे. वरचा मजला, पूर्वेचा शेवटचा वर्ग. तो माझाच वर्ग. आम्हाला तिथे ठेवलं होतं."

मागून एकजण ओरडला, "सरकारी बनाव!"

शिवणवाली माइककडे झुकली. "गप बस. तुझी आई माझ्याच नळावर पाणी भरते. संध्याकाळी भेटते तिला." सभागृहात कुजबूज झाली, कुणीतरी हसलं, आणि ओरडणारा खाली बसला.

वन्सं पुढे बोलल्या. जे झालं ते त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता, न लपवता. बेकरीवाल्याच्या मुलीचं सांगितलं, पोस्टमनच्या बायकोचं सांगितलं. मग म्हणाल्या, "भिंतीवर जगाचा नकाशा होता. मीच लावलेला. दिवसभर मी त्याच्याकडे बघायची. प्रत्येक देशाकडे बघून वाटायचं, यातून कुणीतरी येईल. कुणी आलं नाही. मग वाटलं, नंतर तरी येतील. तुमच्या गाड्या आमच्या गल्लीवरून जायच्या. त्यांचा आवाज मला ओळखू यायला लागला होता." त्यांनी चष्मेवाल्या बाईंकडे वळून पाहिलं. "मला दया नको. तुम्ही लिहिलंत की पडताळणी होऊ शकली नाही. मी आले आहे. पडताळा."

पुढच्या रांगेतली एक बाई उठली. "मीपण होते तिथे." तिच्या शेजारची उठली. "मीपण." तिच्या पलीकडची, तिच्याही पलीकडची. रांगभर बायका उभ्या राहत गेल्या. बसून राहिली एकटी झिपरी, कारण ती तिथे नव्हती, आणि खोटं ती बोलणार नव्हती. आयुष्यभर सगळ्यांच्या वाटचं बोलणारी ती बाई त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही. नाक पुसत, रडत, हसत ती टाळ्या वाजवत सुटली, आणि तिच्या टाळ्यांमागे हळूहळू सगळं सभागृह उभं राहिलं.

त्यानंतर चष्मेवाल्या बाई स्वतः गल्लीत आल्या. पांढरी गाडी पुलाशीच ठेवून चालत आल्या. दुकानाच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "माणसं कमी होती असं मी सांगितलं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं. मी घाबरले होते. वाटलं, तुमचं लिहिलं तर त्यांचं पुसलं जाईल. दुःखाला एकच पान असतं, असं समजून चालले मी."

झिपरीकडे यावर बोलायला बरंच काही साठलं होतं. पण वन्संनीच विचारलं, "ती ओळ खोडणार का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ती राहू दे. तिच्याखाली लिहू की हे आम्ही चुकीचं लिहिलं, आणि का लिहिलं."

वन्संनी विचार केला. "हे बरं आहे," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन चहा टाकला. साखर घालून.

संघटनेची माणसं मग त्या गल्लीत राहिली. घराघरात बसून त्यांनी ऐकलं, शाळेचा वर्ग पाहिला, कागदोपत्री सगळं नोंदवलं. शिवणवाली दुभाष्याला दुरुस्त करत हिंडायची. शेजारणीच्या त्या पोराने शेवटी साक्ष दिली; त्याच्या आईने वर्षभर शिवणवालीशी अबोला धरला आणि मग तो सोडला. दुसरा अहवाल आला त्यात गल्लीला पूर्ण प्रकरण होतं, विहिरीच्या प्रकरणाला लागूनच. गल्लीतल्या ज्या पुरुषांनी माना डोलवल्या होत्या, त्यांच्यापैकी एकाने दोन्ही प्रकरणं वाचली. त्यानंतर त्याची बायको पुन्हा दुकानात यायला लागली.

खटले उभे राहायला वर्षं गेली. उभे राहिले ते एकाच न्यायालयात. शाळेचा ताबा ज्याच्याकडे होता तो लढवय्यांचा म्होरक्या आणि वस्त्या जाळायचा हुकूम देणारा फौजेचा अधिकारी, दोघेही वेगवेगळ्या पिंजऱ्यांत. दोघांचे वकील म्हणत होते की समोरच्या बाजूने जास्त केलं. न्यायाधीशबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इथे तराजू दोन बाजूंना तोलण्यासाठी ठेवलेला नाही. प्रत्येकाने केलेलं त्याच्या त्याच्या पदरात पडेल." आणि पडलं. दोघांनाही.

शिवणवालीच्या मुलाचा पत्ता लागला नाही. निकाल ऐकताना तिने वन्संचा हात इतका आवळून धरला की वळ उठले. तरी निकाल संपल्यावर आधी उठली ती तीच. "चला," ती म्हणाली, "हे ऐकायला मी जिवंत राहिले. आता मला भूक लागलीय."

न्यायालयाच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्रवाल्यांनी गराडा घातला. एकाने वन्संना विचारलं, "हा कुठल्या बाजूचा विजय मानायचा?"

"आमचा," वन्सं म्हणाल्या, आणि हाताने जे वर्तुळ काढलं त्यात बेकरीवाला होता, पोस्टमन होता, शिवणवाली होती, केस वाढलेल्या सगळ्या बायका होत्या, आणि घोळक्याच्या कडेला फोटोत येण्यासाठी टाचा उंचावून उभी असलेली झिपरीही होती.

परतीच्या बसमध्ये आता दोन्ही काठांच्या बायका होत्या; कुणीतरी गाणं म्हणायला सुरुवात केली. अर्ध्या जणींना ते एका भाषेत येत होतं, अर्ध्यांना दुसऱ्या, आणि सूर कुणालाच येत नव्हता. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "बाई, जरा हळू, समोरचा रस्ता दिसेना." शिवणवालीने त्याला विचारलं, तो डोळ्यांनी गाडी चालवतो की कानांनी. त्यावर जे हशाचं मोहोळ उठलं ते पूल आला तरी खाली बसलं नाही, आणि पुलावर कोणी उतरायचं नाव काढेना.